चिंता देवावर सोपवताना: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहावे वचन बहुतेक ख्रिस्ती माणसांना पाठ असते. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नये आणि आपली मागणी आभारासह देवाला कळवावी, हे त्यांनी असंख्य वेळा ऐकलेले असते. तरीही तीच चिंता, तीच प्रार्थना आणि प्रार्थनेनंतरचा तोच थकवा असे चक्र महिनोन्‌महिने चालते, आणि शेवटी माणूस आपला विश्वासच अपुरा आहे असे ठरवून मोकळा होतो. माझ्या मते हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. प्रार्थनेला बसायचे, मनातली भीती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा उभी करायची, सर्वांत वाईट शक्यता देवाला सविस्तर सांगायची आणि 'आमेन' म्हणून तेच ओझे घेऊन उठायचे, अशी सवय एकदा लागली की प्रार्थना हीच चिंतेची उजळणी होऊन बसते. चिंता सोपवणे ही एक कृती आहे, तिला टप्पे आहेत आणि त्या टप्प्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. तो क्रम येथे सविस्तर दिला आहे.

## सुरुवात करण्यापूर्वीची तयारी

पहिल्या वेळेसाठी साधारण अर्धा तास, एक वही, पेन आणि पवित्र शास्त्राची प्रत एवढे पुरेसे आहे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. बसण्याची वेळ शक्यतो दिवसाची असावी. अंथरुणात पडल्या पडल्या हे करू नये, कारण थकलेल्या मेंदूला रात्री प्रत्येक अडचण असते त्याहून मोठी दिसते, आणि अंथरूण म्हणजे चिंतेची जागा असा संबंध एकदा मनात बसला की झोपेचेही नुकसान होते.

शरीराची अवस्था आधी पाहावी. १ राजे १९ मध्ये ईजबेलीच्या धमकीने घाबरलेला एलीया रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला जागा करून खायला देतो, तो पुन्हा झोपतो, आणि देवदूत त्याला दुसऱ्यांदा उठवून खायला लावतो. 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्याला होरेब डोंगरावर पोहोचल्यावर, म्हणजे त्यानंतर चाळीस दिवसांनी, विचारला जातो. ज्याने दोन रात्री झोप घेतलेली नाही किंवा दिवसभर काही खाल्लेले नाही, त्याने आधी खावे, झोपावे आणि मग वही उघडावी. चहा-कॉफीचे प्रमाणही तपासावे, कारण जास्त कॅफीनमुळे धडधड, हातांचा कंप आणि अस्वस्थता येऊ शकते आणि तिला मन आपोआप एखादे कारण चिकटवते.

त्यानंतर आपल्याला जे वाटते आहे ती खरोखर चिंता आहे का, हे ओळखावे. पुढे घडू शकेल अशा गोष्टीचे भय म्हणजे चिंता. घडून गेलेल्या हानीचे दुःख हा शोक आहे. त्याला वेळ आणि सोबत लागते, हा क्रम लागत नाही. आपण केलेल्या चुकीची बोचणी असेल तर तेथे कबुली आणि भरपाई हवी. ज्याचे पैसे बुडवले त्याला ते परत न करता शांतीसाठी प्रार्थना करत राहण्यात अर्थ नाही. आणि समोर प्रत्यक्ष धोका असेल, उदाहरणार्थ घरात मारहाण होत असेल, तर ते भय योग्य इशारा देत आहे. तेथे प्रथम सुरक्षित जागी जावे आणि मदत मागावी.

आधी डॉक्टरांकडे कोणी जावे: छातीत दुखणे, श्वास अडकणे किंवा बेशुद्ध होणे अशी लक्षणे असतील तर ती चिंतेची आहेत असे स्वतः ठरवू नये. थायरॉइड ग्रंथी अधिक काम करू लागल्यानेही धडधड, घाम आणि बेचैनी येते. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ बहुतेक दिवस आवरता न येणारी काळजी वाटत असेल आणि तिच्यासोबत झोप बिघडणे, स्नायू ताणलेले राहणे, लक्ष न लागणे, चिडचिड किंवा सततचा थकवा असेल, तर तो उपचार करता येण्याजोगा विकार असू शकतो. जीव देण्याचे विचार येत असतील तर हा लेख बाजूला ठेवून आत्ताच जवळच्या माणसाला सांगावे, एकटे राहू नये आणि तातडीची वैद्यकीय मदत घ्यावी.

## टप्पा १: चिंता एका वाक्यात लिहावी

यरुशलेमेवर चालून आलेल्या अश्शूरच्या राजाचे धमकीचे पत्र हिज्कीया राजाच्या हाती आले, तेव्हा त्याने ते वाचले, परमेश्वराच्या मंदिरात गेला आणि ते पत्र परमेश्वरापुढे पसरून ठेवले (२ राजे १९:१४). त्यानंतरच्या प्रार्थनेत तो सन्हेरीबाचे नाव घेतो, अश्शूरच्या राजांनी राष्ट्रे खरोखर उद्ध्वस्त केली आहेत हे मान्य करतो आणि आपल्याला त्याच्या हातून सोडवण्याची विनंती करतो. धोका लहान करून सांगत नाही आणि फुगवूनही सांगत नाही.

आपले पत्र आपण तसेच लिहावे. 'घरचे सगळे कसे होणार' हे वाक्य चिंतेचे धुके आहे; ते देवापुढे पसरून ठेवता येत नाही. 'पुढच्या महिन्यात माझी नोकरी गेली तर कर्जाचा हप्ता भरता येणार नाही आणि घर सोडावे लागेल' हे वाक्य पसरून ठेवता येते. त्यात काय होईल, केव्हा होईल आणि त्याचा परिणाम काय, या तिन्ही गोष्टी आहेत. मनात पाच चिंता असतील तर पाच ओळी लिहाव्यात, पण त्या दिवशी पुढच्या टप्प्यांसाठी एकच निवडावी. सर्वांत मोठी निवडण्याची गरज नाही. प्रथमच करणाऱ्याने मध्यम आकाराची घ्यावी.

वाक्य लिहून झाले की त्याखाली आणखी एक ओळ लिहावी: हे घडले तर माझे नेमके काय जाईल? कित्येकदा येथे वेगळेच काही हाती लागते. हप्त्याच्या चिंतेखाली नातेवाइकांपुढे मान खाली जाण्याची भीती असते, मुलीच्या लग्नाच्या चिंतेखाली म्हातारपणी एकटे पडण्याची. देवाला ही दुसरी ओळ सांगायची असते, आणि बहुतेकांनी ती आजवर कधीच सांगितलेली नसते.

तपासणी: आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाने ही दोन वाक्ये वाचली तर आपण कशाला घाबरतो हे त्याला कळेल का? कळणार नसेल तर वाक्य अजून तयार नाही.

## टप्पा २: आपल्या वाट्याचे आणि आपल्या वाट्याचे नसलेले

पानावर उभी रेघ ओढावी. डावीकडे या बाबतीत मी प्रत्यक्ष करू शकतो अशा गोष्टी, उजवीकडे माझ्या हाती नसलेल्या गोष्टी. वरच्या उदाहरणात कर्ज देणाऱ्या संस्थेशी आधीच बोलणे, खर्चाची यादी करणे, दुसऱ्या कामासाठी अर्ज करणे या गोष्टी डावीकडे जातील. मालकाचा निर्णय, बाजाराची स्थिती आणि नातेवाइकांचे मत उजवीकडे. चिंता करून कोणाला आपले आयुष्य हातभर वाढवता येते का, हा येशूचा प्रश्न (मत्तय ६:२७) उजव्या रकान्यासाठी आहे. डावा रकाना रिकामा ठेवण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

या टप्प्यावर आईवडिलांची एक चूक फार वेळा होते. मोठ्या झालेल्या मुलाचा निर्णय, भावाचे व्यसन, जोडीदाराचा विश्वास या गोष्टी ते डाव्या रकान्यात लिहितात, कारण प्रेमापोटी त्या आपल्याच जबाबदाऱ्या वाटतात. दुसऱ्या प्रौढ माणसाने काय ठरवावे हे आपल्या वाट्याचे नाही. त्याच्याशी एकदा शांतपणे बोलणे, मदतीची तयारी दाखवणे आणि दार उघडे ठेवणे एवढेच आपल्या वाट्याचे आहे. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहण्याची आज्ञा आहे आणि प्रत्येकाने आपापला भार वाहण्याचेही सांगितले आहे. ही दोन्ही वचने तीन ओळींच्या अंतरावर आहेत.

## टप्पा ३: आधी गाऱ्हाणे

हा टप्पा सर्वाधिक वगळला जातो, आणि पुढचे सगळे त्यामुळेच पोकळ होते, म्हणून येथे घाई करू नये.

बहुतेक विश्वासी जन चिंतेची प्रार्थना माफी मागून सुरू करतात: प्रभू, मी चिंता करतो, माझा विश्वास कमी पडतो, मला क्षमा कर. हे नम्र वाटते, पण त्यामुळे मूळ भीती बाजूला राहते आणि माणूस चिंतेविषयी चिंता करू लागतो. स्तोत्रकर्ते असे करत नाहीत. तेरावे स्तोत्र सहाच वचनांचे आहे आणि त्याची सुरुवात 'कोठवर' या प्रश्नाने होते. तो प्रश्न पहिल्या दोन वचनांत चार वेळा येतो. तू मला कोठवर विसरणार, तू कोठवर आपले मुख लपवणार, असे दावीद थेट देवाला विचारतो. पुढच्या दोन वचनांत मागणी आहे आणि शेवटच्या दोन वचनांत भरवसा. भरवसा शेवटी येतो, कारण आधीच्या चार वचनांत काहीही दडवलेले नसते.

चिंता बोलून दाखवणे हा अविश्वास असता तर प्रेषित पौलही दोषी ठरला असता. आसियात आपल्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती असे तो करिंथकरांना लिहितो (२ करिंथ १:८), आणि त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात सर्व मंडळ्यांविषयीची चिंता आपल्यावरचा रोजचा दाब असल्याचे सांगतो. फिलिप्पैकरांना चिंता करू नका असे लिहिणारा माणूस तोच आहे, आणि ते पत्र त्याने बंदिवासातून लिहिले. त्याची आज्ञा दोषारोप म्हणून वाचू नये. त्या आज्ञेबरोबर लगेच काय करावे तेही त्याने सांगितले आहे.

कृती अशी: टप्पा १ मधली दोन वाक्ये मोठ्याने वाचावीत आणि त्यांना देवाला उद्देशून असलेल्या वाक्यांचे रूप द्यावे. 'हे प्रभू, पुढच्या महिन्यात माझी नोकरी जाईल याची मला भीती वाटते. तू हे पाहतोस की नाही हेही मला कळेनासे झाले आहे.' शब्द सापडत नसतील तर तेरावे, बेचाळिसावे किंवा पंचावन्नावे स्तोत्र वाचावे आणि आपल्या स्थितीला लागू पडणाऱ्या ओळीवर थांबावे. रडू आले तर येऊ द्यावे. पाच-सात मिनिटे पुरतात.

सावधान: गाऱ्हाणे देवाला उद्देशून असावे. काही मिनिटांतच 'तू' हा शब्द नाहीसा होऊन 'मग असे होईल, मग तसे होईल' अशी वाक्ये सुरू झाली, तर प्रार्थना थांबून उजळणी सुरू झाली आहे. तेथेच थांबावे, 'हे प्रभू' म्हणून पुढचे वाक्य बोलावे किंवा सरळ पुढच्या टप्प्याकडे वळावे.

## टप्पा ४: नेमकी मागणी

गेथशेमाने बागेतील येशूची प्रार्थना मार्काच्या चौदाव्या अध्यायात एका वचनात दिली आहे, आणि तिचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. प्रथम 'अब्बा, बापा' ही हाक, मग पित्याला सर्व काही शक्य आहे हा कबुलीजबाब, मग हा प्याला माझ्यापासून दूर कर ही उघड मागणी, आणि त्यानंतर माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे समर्पण. आपण मात्र समर्पणाचे वाक्य पहिले म्हणतो आणि मागणी गिळून टाकतो. मागितले आणि मिळाले नाही तर काय, या भीतीपासून ते वाक्य आपला बचाव करते, म्हणून ते लवकर ओठांवर येते. मागणी न करता केलेले समर्पण पुष्कळदा निराशेचेच सभ्य रूप असते.

म्हणून आधी स्पष्टपणे मागावे: नोकरी टिकू दे, टिकणार नसेल तर तीन महिन्यांत दुसरे काम मिळू दे, आणि या काळात मला घरच्यांवर चिडू देऊ नकोस. त्यानंतर समर्पणाचे वाक्य म्हणावे.

येथे सौदा करू नये. हे झाले तर मी इतके दान देईन, इतके उपवास करीन, अशा अटी घातल्या की चिंता कमी होण्याऐवजी तिला नवे खाद्य मिळते: आपण पुरेसे कबूल केले का, आणि कबूल केलेले पुरे झाले का?

## टप्पा ५: आभार, पण योग्य जागी

आभार पाचव्या क्रमांकावर आहेत याला कारण आहे. गाऱ्हाण्याआधी मानलेले आभार दुःखावर टाकलेल्या पांघरुणासारखे होतात. संकटाबद्दल आभार मानण्याची सक्ती स्वतःवर करू नये. संकटात असतानाही जे खरोखर दिलेले आहे त्याबद्दल आभार मानावेत. तीन गोष्टी पुरेत, पण त्या गेल्या दोन-तीन दिवसांतल्या आणि नेमक्या असाव्यात: कोणी फोन केला, एक रात्र झोप लागली, एका कामाचे पैसे वेळेवर आले. 'सर्व आशीर्वादांबद्दल आभार' हे वाक्य येथे चालत नाही, कारण ते म्हणताना मनाला काहीही आठवावे लागत नाही.

## टप्पा ६: सोपवणे, आणि चिंता परत आल्यावर काय करावे

पेत्राच्या पहिल्या पत्रातले 'तुम्ही आपली सर्व चिंता त्याच्यावर टाका' हे वचन एकटेच वाचले जाते, पण त्याच्या आधीच्या वचनात देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन होण्यास सांगितले आहे आणि चिंता टाकणे हा त्याच वाक्याचा पुढचा भाग आहे. उजवा रकाना आपल्या हाती नाही हे मान्य करणे, म्हणजे जगाचा कारभार आपण चालवत नाही हे मान्य करणे, ही येथली लीनता आहे. काळजी करत राहिलो तर निदान आपण काहीतरी करतो आहोत असे वाटते. हे समाधान सोडून देणे कठीण जाते, आणि सोपवणे अडते ते बहुतेक वेळा येथेच.

उजव्या रकान्यातली एकेक ओळ वाचून म्हणावे: 'हे प्रभू, हे तुझ्याकडे.' सर्व ओळी झाल्या की तारीख लिहावी, वही मिटावी आणि जागेवरून उठावे. उठणे हा कृतीचा भाग आहे. बसून राहिले की मन पुन्हा पहिल्या ओळीकडे वळते.

चिंता परत येईल. बहुधा तासाभरात येईल. त्या वेळी सगळी प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून करू नये. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. एकच वाक्य म्हणावे: 'हे मी तुझ्याकडे दिले आहे, आणि उद्याच्या ठरलेल्या वेळी पुन्हा बोलेन.' मग हातातल्या कामाकडे वळावे. चिंतेला दिवसातली ठरावीक वेळ नेमून देण्याचे तंत्र मानसोपचारातही वापरले जाते आणि ते उपयोगी पडते, कारण मनाला विचार न करण्याची आज्ञा पाळता येत नाही, पण विचार पुढे ढकलणे जमते.

परत येणे म्हणजे अपयश नव्हे. गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्या वेळीही तेच शब्द बोलून प्रार्थना केली असे मत्तय सांगतो. पौलाने 'शरीरातल्या काट्या'विषयी, म्हणजे त्याला सतत छळणाऱ्या एका त्रासाविषयी, तीनदा विनंती केली.

तपासणी: वही मिटल्यानंतर, डाव्या रकान्यातली कोणती गोष्ट आज करायची आहे हे सांगता येते का?

## टप्पा ७: त्याच दिवशी एक कृती

नहेम्याच्या पुस्तकात प्रार्थना आणि काम एकमेकांना लागून येतात. राजा त्याला तुझी विनंती काय असे विचारतो. तो स्वर्गीय देवाची प्रार्थना करतो आणि लगेच राजाला उत्तर देतो, आणि त्या उत्तरात प्रवासासाठीची पत्रे आणि राजाच्या वनातले लाकूड यांची नेमकी मागणी असते. पुढे शत्रूंचा कट कळल्यावर लोक प्रार्थना करतात आणि रात्रंदिवस पहारा बसवतात (नहेम्या ४:९). त्यामुळे त्यांचा विश्वास उणा ठरला नाही.

डाव्या रकान्यातली एक गोष्ट निवडावी आणि ती झोपण्यापूर्वी करावी. ती लहान असावी: एक फोन, एक अर्ज, डॉक्टरांची वेळ घेणे, बिले एका जागी गोळा करणे. एकाच दिवशी सगळा रकाना संपवण्याचा प्रयत्न करू नये. ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे, हे येशूचे वचन कामालाही लागू पडते. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, रोजच्या रोज गोळा करायचा होता आणि दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले (निर्गम १६).

काही गोष्टी कृतीसारख्या दिसतात, पण नसतात. आजाराची लक्षणे इंटरनेटवर पुन्हा पुन्हा शोधणे, निकाल आला का हे दर दहा मिनिटांनी पाहणे, 'सगळे ठीक होईल ना?' असे घरच्यांना परत परत विचारणे यांमुळे काही क्षण बरे वाटते आणि नंतर चिंता आधीपेक्षा बळावते. अशी सवय असेल तर तिची नोंद वहीत करावी आणि दिवसातून किती वेळा करायचे याची मर्यादा ठरवावी.

## टप्पा ८: मनाला काय द्यावे

देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील, असे फिलिप्पैकरांना लिहिल्यावर पौल थांबत नाही. जे सत्य, जे आदरणीय, जे न्याय्य, जे शुद्ध त्याचे मनन करा, असे तो पुढच्याच वचनात सांगतो, आणि त्यापुढे आपल्याकडून शिकलेले आचरणात आणण्यास सांगतो. रिकाम्या मनात चिंता परत शिरते.

आठवड्यासाठी एकच उतारा घ्यावा. मत्तय ६:२५ ते ३४, स्तोत्र १२१ किंवा विलापगीत ३:१९ ते २६ यांपैकी एक घेतला तर चालेल. तो रोज पूर्ण वाचावा, त्यात काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही हे पाहावे, आणि जमल्यास पाठ करावा. मत्तयाच्या उताऱ्यात आकाशातील पाखरांना खायला मिळते असे आहे. विश्वासी माणसाची नोकरी कधी जाणार नाही असे त्यात नाही. जे वचन दिलेलेच नाही त्यावर भरवसा ठेवला की पुढे देवानेच फसवले असे वाटू लागते.

वचन हे मंत्रासारखे वापरू नये. भीती जाईपर्यंत एकच ओळ शंभर वेळा म्हणण्याने त्या ओळीचा अर्थ हरवतो, आणि भीती गेली नाही की वचनावरचाच विश्वास डळमळतो.

सावधान: प्रार्थना अगदी अचूक शब्दांत झाली नाही तर काहीतरी वाईट घडेल असे वाटणे, एखादा शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणे, मनात आलेल्या निंद्य विचाराबद्दल तासन्‌तास क्षमा मागत राहणे ही मंत्रचळ या विकाराची लक्षणे असू शकतात. अशा माणसाला अधिक प्रार्थना करण्याचा सल्ला दिल्यास त्याचा त्रास वाढतो. त्याने मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे.

## टप्पा ९: एका माणसाला सांगणे

येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना आपल्या जिवाला मरणप्राय खेद झाल्याचे सांगितले आणि आपल्याबरोबर जागे राहण्यास सांगितले. ते झोपले, पण त्यांना सांगणे त्याने कमीपणाचे मानले नाही. चिंता एकट्याने सोसणे यालाच विश्वास समजणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

माणूस निवडताना त्याच्या ज्ञानापेक्षा तो तोंड बंद ठेवू शकतो का हे पाहावे. अनेक मंडळ्यांत प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली घराघरातल्या गोष्टी पसरतात. म्हणून पहिल्यांदा सांगताना सगळ्यांसमोर न सांगता पाळक, धर्मगुरू किंवा एखादा प्रौढ विश्वासी यांपैकी एकालाच सांगावे. काय हवे आहे तेही स्पष्ट सांगावे: मला सल्ला नको, फक्त ऐका आणि माझ्याबरोबर प्रार्थना करा, किंवा, अर्ज लिहायला मला मदत हवी आहे.

ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ न बोलता बसले, तेवढे त्यांनी चांगले केले. ते समजावू लागले आणि मग बिघडले. 'तुझा विश्वास कमी आहे' हे वाक्य कोणीही कोणाला म्हणू नये. घाबरलेल्या माणसाला त्यातून घाबरण्याचे आणखी एक कारण मिळते, आणि तो पुन्हा कधी सांगायला येत नाही.

## औषधे आणि समुपदेशन यांविषयी

गोळ्या घेणे म्हणजे देवावरचा भरवसा सोडणे, असे सांगणारे लोक भेटतात आणि त्यांचे ऐकून काही जण औषध मध्येच थांबवतात. हे धोक्याचे आहे. चिंतेवरची काही औषधे एकदम बंद केल्यास चक्कर, बेचैनी आणि झोपेचा त्रास होतो, आणि काहींच्या बाबतीत परिणाम याहून गंभीर असतात. नैराश्यविरोधी गटातील जी औषधे चिंतेसाठी दिली जातात त्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, म्हणून पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही तरी निराश होऊ नये. बदल करायचा तर डॉक्टरांना विचारूनच करावा. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने व्यवहारातला उपाय सुचवला. विचारांच्या सवयी बदलण्याच्या समुपदेशनाचा चिंतेवर चांगला उपयोग होतो, आणि वरचे टप्पे त्याच्या बरोबरीने चालू ठेवता येतात.

## रात्री जाग आल्यास

येथे नऊ टप्प्यांतला एकही करू नये. उशाशी कागद ठेवावा, मनात आलेली गोष्ट एका ओळीत लिहावी आणि 'हे उद्याच्या वेळेसाठी' असे म्हणावे. चौथ्या स्तोत्राचे शेवटचे वचन किंवा परमेश्वराची प्रार्थना एकदा, सावकाश म्हणावी. साधारण वीस मिनिटे झोप आली नाही तर उठून मंद प्रकाशात काहीतरी शांत वाचावे आणि झोप आल्यावर परत यावे. घड्याळ पाहू नये.

## आठवड्याची पाहणी

आठवड्यातून एकदा वही उघडून मागच्या ओळी वाचाव्यात. प्रत्येकीपुढे लिहावे: घडले, घडले नाही, किंवा अजून ठरायचे आहे. पुष्कळ ओळींपुढे 'घडले नाही' येते आणि त्याबद्दल आभार मानायला हवेत, कारण टळलेले संकट आपण फार लवकर विसरतो.

प्रगती मोजताना मन किती शांत वाटते यापेक्षा वागण्यात काय बदलले ते पाहावे. टाळत असलेला फोन केला का, जेवताना घरच्यांचे बोलणे ऐकू आले का, चिंता परत आल्यावर एका वाक्यात सोपवून कामाकडे वळता आले का? शांतीची भावना उशिरा येऊ शकते. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवट अंधारातच होतो आणि तरीही ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, तेव्हा ज्याची प्रार्थना आज तशीच संपली त्याने ती वाया गेली असे समजू नये.

काही ओळींपुढे 'घडले' असेही लिहावे लागेल. नोकरी गेली, अहवाल वाईट आला, माणूस गेला. अशा वेळी जुन्या पानावर पुढे लिहीत बसू नये आणि आपण कमी प्रार्थना केली का याचा हिशोबही मांडू नये. आता ही चिंता उरलेली नाही, हा शोक आहे किंवा नवी परिस्थिती आहे. ज्याला आधी सांगितले होते त्या माणसाला त्याच दिवशी कळवावे आणि त्याला येऊन सोबत बसण्यास सांगावे. पहिले काही दिवस फक्त टप्पा ३ करावा, म्हणजे देवापुढे गाऱ्हाणे. दोन रकान्यांचे नवे पान अंत्यविधी, कागदपत्रे आणि पहिली धावपळ आटोपल्यावर घ्यावे, आणि त्यात डावीकडे सुरुवातीला एकच ओळ लिहावी.